पहिला धोंडा पातूरला

गंगूबाईंचा फोन आला तेव्हा रागिणी अमरावतीत राजापेठेतल्या घराच्या गच्चीवर कुरडया उलटवत होती. डिसेंबरात लग्न झाल्यापासून पातूरच्या आत्याचा हा पहिला फोन. मधल्या काळात रागिणीने केलेला प्रत्येक फोन वाजून वाजून आपोआप बंद झाला होता. आजही आत्यांनी ख्यालीखुशाली विचारली नाही.

"अधिक लागला," त्या म्हणाल्या. "जवायाले घेऊन ये. पयला धोंडा माह्या घरी. अन् तुह्या सासूलेही आन."

रागिणी हो म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता.

अधिक महिन्यात जावयाला नारायण मानून घरी बोलावून, ओवाळून, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात तर हे कोणी चुकवत नाही. त्यातला पहिला धोंडा कन्यादान करणाऱ्याच्या घरचा, असं रागिणीच्या नात्यात मानतात. रागिणीचं कन्यादान अकोल्याच्या देवानंदमामांनी केलं होतं. तरीही आत्या पहिला धोंडा मागत होत्या, आणि त्यांचं मागणं चुकीचं आहे असं रागिणीला वाटत नव्हतं.

आईवडील गेले तेव्हा रागिणी अजून शाळेतही जात नव्हती. गंगूबाईंनी तिला पातूरला नेलं आणि भाजीच्या मळ्यात वाढवलं. त्यांचे यजमान त्याआधीच वारलेले, मूलबाळ नाही. दहावीनंतर मामांनी तिला शिकायला अकोल्यात, जठारपेठेतल्या आपल्या घरी ठेवून घेतलं आणि लग्नही तिथूनच लावून दिलं. कन्यादानाच्या वेळी मामा-मामी पाटावर बसले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला गंगूबाईही पुढे आल्या. नवरदेवाची आई लीलाबाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "इथं जोडपं बसते, बाई." आवाज चढवला नाही, रागावल्याही नाहीत. चपला बाहेर काढा म्हणून सांगावं, तितक्या सहजपणे त्या बोलल्या. गंगूबाईंनी आपली पिशवी उचलली आणि जेवणाआधीच पातूरची बस धरली. त्यानंतर त्यांचा आवाज ऐकू आला तो गच्चीवर, कुरडया उलटवताना.

म्हणून या वेळी काही चुकायला नको होतं. रविवारी सरळ पातूर गाठायचं, वाटेत कुणाकडे जेवायचं नाही, पहिला घास आत्याच्या हातचा, असं रागिणीने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. नितेश राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेत होता. उन्हाळ्याच्या बॅचेस सुरू होत्या आणि त्याला रविवारशिवाय सुटी नव्हती. मामांना तिने कळवलं की रात्रीच्या जेवणाला तुमच्याकडे येतो. मामा त्यावर हूं म्हणाले. हो म्हणाले नाहीत.

सासरे खुशालराव यायला तयार नव्हते. कूलरमध्ये पाणी कोण भरणार, हे त्यांनी कारण सांगितलं. मात्र निघताना ते गाडीच्या खिडकीशी आले आणि मुलाला म्हणाले की मूर्तिजापूर आलं की गाडी हळू करू नको, तुझ्या आईला माहेर दिसलं की तहान लागते.

पहाटे निघायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात निघाले तेव्हा राजापेठेतली दुकानं उघडत होती, कारण लीलाबाईंनी साडी दोनदा बदलली. विहिणीच्या दारी जायचं तर साडी फार भारी नको आणि फार साधीही नको, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापणारे नऊ दिवस, लागणार होता. ऊन त्याची वाट पाहत थांबलेलं नव्हतं. बडनेरा मागे पडलं आणि गाडीच्या एसीतून आधी कोमट आणि मग सरळ गरम हवा येऊ लागली. नितेशने बटणं दाबून पाहिली, गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत पाहिलं आणि बंद केलं. रविवारी मिस्त्री मिळणार नव्हता. त्याने काचा खाली केल्या आणि पांढरा दुपट्टा डोक्याला, कानांना, तोंडाला असा गुंडाळला की फक्त डोळे उरले. मे महिन्यात वऱ्हाडातला प्रत्येक माणूस असाच दिसतो. ओळखीचा माणूस गाडीवरून ओळखावा लागतो. लीलाबाईंनी टॉवेल ओला करून आपल्या खिडकीत अडकवला. तो वाळला की परत ओला केला.

पुढे झाडं विरळ होत गेली. नांगरून पडलेली काळी शेतं, त्यांना पाय जाईल एवढ्या भेगा, वर पांढरं पडलेलं आभाळ, आणि मध्ये नजर अडेल असं काही नाही. लांबवर एखादी वावटळ उठायची, वाळका पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन दोनचार शेतं चालत जायची आणि जमिनीवर बसायची. रस्ता मात्र चौपदरी आणि सपाट. पुढे डांबरावर पाणी सांडल्यासारखं चमकायचं. गाडी जवळ गेली की ते आणखी पुढे सरकायचं. ट्रकवाले ढाब्यांच्या सावलीत खाटा टाकून झोपले होते. रस्त्याकडेला एक माणूस टरबुजांचा ढीग मांडून बसला होता आणि त्याने सावलीत स्वतःच्या आधी टरबुजांना जागा दिली होती.

टॉवेल ओला करता करता घरून आणलेला पाण्याचा कॅन रिकामा झाला. इथून अकोल्यापर्यंत खारपाणपट्टा. बोअरचं पाणी जिभेवर ठेववत नाही. विकतची बाटली घेऊ, असं रागिणीने सुचवलं. नेमकी तेव्हाच मूर्तिजापूरची पाटी आली.

"माह्या भावाचं घर रस्त्याले असून बाटली इकत घ्याची?" लीलाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन? पाच मिनटं. पानी पेऊ, निघू."

नितेशने आरशात बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण सासूच्या माहेरी जाऊ नका म्हणणारी सून अजून तिच्यात तयार झालेली नव्हती. गाडी वळली.

भगवंतमामा फाटकाशीच उभे होते. आंघोळ केलेली, इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. लीलाबाईंनी आदल्या दिवशीच फोन केलेला होता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आत सुभद्रामामींनी पाटाभोवती रांगोळी काढली होती. अधिकात जावयासारखाच भाच्यालाही मान असतो. ज्याला जावई नाही, तो भाच्याला बोलावून पुण्य पदरात पाडतो. भगवंतमामांना मुलगी नव्हती. भाचा एकुलता एक होता आणि दारात आयता आला होता.

नितेशने सांगून पाहिलं की आम्हाला पातूरला जेवायचं आहे. मामा म्हणाले, जेवायचं कोण म्हणतं, नुसतं बस. तो बसला. मामींनी कुंकू लावून, अक्षता लावून त्याला ओवाळलं आणि ताट पुढे केलं. मामा म्हणाले, नुसतं तोंड लाव. त्याने तोंड लावलं. मग तुपाची वाटी आली, आमरसाचं पातेलं आलं, भजी आली. नितेशला वर्गात चाळीस मुलांना एका नजरेत गप्प करता येत असे. पण वाढणाऱ्या बाईच्या हाताला नको म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. रागिणीने स्वतः ताकावर भागवलं आणि नवऱ्याच्या ताटातले धोंडे कमी होताना पाहत राहिली. एक संपला की मामी दुसरा वाढत, त्यामुळे ताटात पाहून काही कळत नव्हतं.

पाच मिनिटांचे दोन तास झाले. निघताना मामांनी त्याच्या गळ्यात नवा टॉवेल टाकला. बाहेर ऊन इतकं होतं की गाडीपर्यंत जायच्या आधीच नितेशने दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला.

गाडी हमरस्त्याला लागल्यावर रागिणी बोलली.

"आई, आत्यानं एकच गोष्ट मांगतली होती."

"अवं, हा भाच्याचा होता," लीलाबाई म्हणाल्या. "भाच्याचा येगळा, जवायाचा येगळा. हा त्याच्यात धरतच नाई."

"हे पोटाले कोन सांगन?" नितेशने विचारलं.

त्यावर रागिणीला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. पुढचे काही किलोमीटर योजना करण्यात गेले. नितेशने शब्द दिला की तो आत्यांकडे पोटभर जेवेल, काही झालं तरी जेवेल. मूर्तिजापूरचा विषय कोणी काढायचा नाही. उशीर का झाला, तर एसी बिघडला. हे खरंही होतं. लीलाबाईंनी मान्य केलं आणि त्यांना लगेच झोप लागली. बोरगाव मंजू आलं, गेलं. नितेश एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हाताने पोट सावरत होता.

अकोल्याच्या अलीकडे बायपास फुटतो, तिथे निंबाच्या झाडाखाली एक माणूस छत्री उघडून स्कूटरवर बसलेला दिसला. भर दुपारी झाडाच्या सावलीत आणखी छत्री लावणारे अकोल्यात एकच गृहस्थ होते. देवानंदमामांना भगवंतमामांनी फोन करून सांगितलं होतं की गाडी निघाली.

रागिणी एकटीच खाली उतरली. मामा हसत होते. घरी मामींचा स्वयंपाक तयार आहे, आता पातूरला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळेल, तेव्हा दोन घास खाऊन पुढे जा, असं त्यांचं म्हणणं होतं. रात्री परत आलात तर पुन्हा जेवा. ती नाही म्हणाली. मामांचं हसू कमी झालं. मूर्तिजापूरला थांबता येतं आणि जठारपेठेत येत नाही का, असं त्यांनी विचारलं. मग छत्री बंद केली.

"कन्यादान मी केलं, रागिणी. रीतीनं पयला धोंडा माहा हाय. मी कोनाचं हिसकून नाई मांगून राहिलो."

"तुमचाच हाय, मामा," ती म्हणाली. "पन तुमच्या दारात मले कोनं आनून सोडलं? दहावीच्या मार्कशीटीसंगं, पेटी डोक्यावर घेऊन? तिनं तवा असं म्हनलं का, का पोरगी माही हाय, देत नाई?"

एक एसटी गेली, धूळ उडाली, बसली. मग मामांनी स्कूटरच्या डिकीतून थंड पाण्याच्या बाटल्या काढून तिच्या हातात दिल्या आणि म्हणाले की रात्री उशीर करू नका, तुझ्या मामीला धोंडे गार झालेले चालत नाहीत. आणखी एक सांगितलं. गंगूबाईला सांग म्हणाले, मांडवात मी पाटावर बसलेलो होतो, मला तेव्हाच उठून जागा देता आली असती.

हे गंगूबाईंना सांगायचं की नाही, ते रागिणीने तेव्हा ठरवलं नाही.

अकोल्याहून पातूरचा रस्ता दक्षिणेला जातो. कापशीचा तलाव गेला की जमीन हळूहळू चढते, डोंगर दिसू लागतात आणि विहिरींना गोडं पाणी लागतं. मग अचानक एखादा हिरवा तुकडा दिसतो, चहूकडे करपलेलं असताना. गंगूबाईंचा मळा असाच होता. गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. वांगी, मिरच्या, कडेने झेंडू, आणि टोकाला टिनाच्या छपराचं घर. पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या काड्यांचा मांडव घालून त्यावर पाणी मारलेलं होतं. दारात पाय धुवायला पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला होता. बादलीतलं पाणी उन्हाने तापलं होतं, इतका वेळ ती तिथे होती.

गंगूबाई दारात आल्या. उंच, सडपातळ बाई. त्यांनी रागिणीला पाहिलं, नजर क्षणभर तिच्यावर ठेवली आणि लगेच विहिणीकडे वळून बसा म्हणाल्या. ओवाळायला त्यांनी शेजारची सून माधवी हिला बोलावून ठेवलं होतं. ती तबक घेऊन चुलीजवळ उभी होती. रागिणीच्या लक्षात आलं की आत्याच्या चेहऱ्यावर उपाशी माणसाचा कोरडेपणा आहे. जावई जेवल्याशिवाय त्या तोंडात काही घालणार नव्हत्या, आणि दुपार कलली होती.

रागिणीने एसीचं सांगितलं. गंगूबाईंनी ऐकून घेतलं. मग नितेश पुढे झाला, पाय धुतले, वाकून नमस्कार केला आणि पाटाशी येऊन डोक्याचा दुपट्टा सोडला.

त्याच्या कपाळावर कुंकू होतं. दुपट्ट्याखाली घामाने जरा पसरलेलं, पण चांगलं ठसठशीत, आणि त्यावर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले. रस्ताभर तिघांनी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही ते ठरवलं होतं. कपाळ कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

माधवीने तबक हळूच खाली ठेवलं.

"कोठी जेवले, बापू?" गंगूबाईंनी विचारलं.

"मूर्तिजापूरले," नितेश म्हणाला. एसीचा उपयोग आता नव्हता.

"तो भाच्याचा होता, इहीनबाई," लीलाबाई घाईने म्हणाल्या. "माह्या भावानं भाचा म्हनून केला. जवायाचा येगळा असते. हा काई त्याच्यात—"

"कपाय त एकच हाय ना," गंगूबाई म्हणाल्या.

गंगूबाईंनी वाढलेल्या ताटावर दुसरं ताट झाकलं, कोपऱ्यातल्या टोपल्या उचलल्या आणि मागच्या दाराने मळ्यात निघून गेल्या. सोमवारच्या सकाळी अकोल्याला माल जाणार होता. वांगी तोडायची होती. पाहुणे आले म्हणून वांगी थांबत नाहीत.

रागिणी उठली, पण नितेशने तिला हाताने थांबवलं. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, एक रिकामी टोपली घेतली आणि आत्यांच्या मागे गेला. रागिणी आणि लीलाबाई दारातून पाहत राहिल्या. माधवीही पाहत राहिली, कारण असं काही तिने पाहिलेलं नव्हतं.

गंगूबाई वळून म्हणाल्या की घरात जा, अधिकात जावयाला कोणी कामाला लावत नाही, रस्त्यावरून जाणारे माझ्या नावाने थुंकतील.

"भूक लागेपर्यंत तोडतो," नितेश म्हणाला.

"आज तुमी नारायन हा, बापू. समजते का?"

"नारायनाले वांगे तोडता येत नाईत, असं कोठी लेहलं हाय?"

गंगूबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येतात का पाहू," त्या म्हणाल्या आणि पलीकडची ओळ दाखवली.

वांग्याच्या देठाला काटे असतात हे नितेशला ठाऊक होतं, पण ते किती असतात याचा अंदाज नव्हता. पहिल्या काही वांग्यांना तो बोटं चोखत होता. मग त्याला तऱ्हा सापडली आणि टोपली भरू लागली. ऊन उतरलं होतं, तरी पाठीवर चुलीसारखं लागत होतं. सदरा अंगाला चिकटला. कपाळावरून लाल ओघळ नाकाच्या शेंड्याशी आला, तो त्याने बाहीने पुसला, आणि पुन्हा पुसला. गंगूबाई पुढच्या ओळीतून अधूनमधून मागे पाहत होत्या. एकदा म्हणाल्या की लहान सोडा, झाडाला राहू द्या, पोटात घालायची घाई नका करू. नितेश म्हणाला की पोटाचं नाव काढू नका. गंगूबाईंनी तोंड फिरवलं. त्या हसल्या का, ते त्याला दिसलं नाही.

थोड्या वेळाने दारातून लीलाबाई बाहेर पडल्या. दोनदा बदलून नेसलेल्या साडीचा पदर त्यांनी कमरेला खोचला होता. त्या काळ्या मातीतल्या घरच्या. माहेरी कापूस वेचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं त्या नेहमी सांगत. आता ते सांगितलं नाही. त्या गंगूबाईंच्या शेजारच्या ओळीला लागल्या आणि वाकल्या. दोघींचे हात सारखेच चालत होते. बऱ्याच वेळाने लीलाबाई बोलल्या, त्याही वांग्यांकडे पाहतच. त्यांचे वडील त्यांच्या लहानपणीच गेले होते. त्यांच्या लग्नात त्यांची आई मांडवात आलीच नाही. आईने सगळं लग्न सैपाकघरातून ऐकलं. मंगलाष्टकं संपली तेव्हा ती चुलीपुढे भात उतरवत होती. लीलाबाईंना वाटत आलं होतं की असंच असतं.

गंगूबाईंचे हात थांबले.

"मंग तुमाले वाईट नाई वाटलं?"

"वाटलं," लीलाबाई म्हणाल्या. "पन कोनी इचारलं नाई."

गंगूबाईंनी पुढचं वांगं तोडलं. ओळ संपल्यावर त्यांनी लीलाबाईंची टोपली आपल्या हाताने उचलून बांधावर नेली.

तिकडे रागिणी गप्प बसली नव्हती. तिने चूल पेटवली, पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, धोंडे पुन्हा वाफेला लावले आणि माधवीला कढी फोडणीला टाकायला सांगितलं. या घरात डबे कुठे असतात, ते तिला डोळे मिटून सापडत होते. मळ्यातली शेवटची टोपली बांधावर आली तेव्हा नितेश विहिरीच्या मोटरपंपाच्या धारेखाली डोकं धरून उभा होता. तो घरात आला, पाटावर बसला, वासाने मान फिरवली आणि विचारलं, "अजून उशीर हाय का?"

असा प्रश्न खोटा विचारता येत नाही. गंगूबाईंना भुकेला माणूस ओळखता येत होता. त्या स्वतः सकाळपासून उपाशी होत्या.

माधवीने निरांजन लावलं आणि तबक उचललं. लीलाबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं. सगळ्यांना वाटलं की वरमाई स्वतःच ओवाळणार. लीलाबाईंनी तबक गंगूबाईंपुढे धरलं.

गंगूबाईंनी हात पदराखाली घेतले. "मी कसं?" त्या म्हणाल्या.

"कपाय एकच हाय, असं तुमीच म्हनलं. आता ते धुऊन आनलं," लीलाबाई म्हणाल्या. "पयलं कुंकू तुमचं. पोरगी तुमी वाढोली, जवायाले तुमीच ओवाळा."

गंगूबाई रागिणीकडे पाहू लागल्या. घरात आल्यापासून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. रागिणी म्हणाली, "घे न, आत्या. तेल संपून राहिलं."

गंगूबाईंनी तबक घेतलं. त्यांची बोटं वांग्याच्या देठांनी काळवंडली होती, ती त्यांनी पदराला पुसली, पुन्हा पुसली आणि मग कुंकवाच्या करंड्यात बुडवली. टिळा जरा वाकडा लागला. कोणी सरळ केला नाही. अक्षतांचे दाणे कपाळापेक्षा नाकावर जास्त पडले आणि नितेश शिंकला.

मग तो जेवला. पहिला धोंडा तुपात बुडवून त्याने डोळे मिटले, दुसऱ्याला उघडे ठेवले, आणि तिसरा मागून घेतला. हे मागणं गंगूबाईंनी नीट ऐकलं. कढी त्याने वाटीने न पिता गडव्याने प्यायली. लीलाबाई जेवल्या आणि म्हणाल्या की माझ्या भावजयीचं पुरण इतकं बारीक नसतं, फक्त हे मूर्तिजापूरला कळू देऊ नका. शेवटी गंगूबाई आणि रागिणी एकाच ताटात बसल्या. रागिणीने पहिला घास करून आत्याच्या तोंडात घातला. जेवताना तिने मामांचा निरोप सांगितला, मांडवातल्या पाटाचा. गंगूबाई चावत राहिल्या. मग म्हणाल्या की बैस म्हणणारा एक जरी निघाला असता तरी मी बस चुकवली असती.

गाडीपाशी येईपर्यंत डोंगरावरून जरा बरा वारा सुटला होता. डिकीत वांग्यांची टोपली चढली. नितेशच्या फोनवर देवानंदमामांचे फोन येत होते. गंगूबाईंनी विचारलं, "आता जठारपेठेत थांबसान?"

थांबावं लागेल, नितेश म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"थांबा. देवानंदनं पोरीले शिकोलं. त्याचंही खा." त्यांनी गाडीच्या छपरावर हात ठेवला. "अन् माधवीची सासू वावर पाहीन म्हनते. पुढच्या आयतवारी मी अमरावतीले येतो. दोन दिवस राहीन. पोरीचं घर पाह्यलं नाई मी अजून."

लीलाबाईंनी रागिणीच्या वतीने सांगून टाकलं की दोन दिवसांत घर पाहून होत नाही, आठ दिवस राहावं लागेल. नितेश म्हणाला की मी सकाळीच गाडी घेऊन न्यायला येतो.

"गाडी नोको, बापू," गंगूबाई म्हणाल्या. "तुमची गाडी लय घरी थांबते. मी एष्टीनं येतो. ते थांब्यावरच थांबते."

लीलाबाई सगळ्यांत आधी हसल्या.